चिमूटताईच्या दहा पिशव्या

माझी नणंद नवीन घरी गेली की आधी माणसांकडे बघत नाही, कुंड्यांकडे बघते. कुंडीतली चिमूटभर माती उचलते, बोटांत चोळते आणि मग घरच्या बाईला म्हणते, "पाणी जास्त घालता हो." घरची बाई चाट पडते. मी मागे उभी राहून ओशाळते. चाळीस वर्षं मी तिच्या मागे अशी ओशाळत आले आहे, आता सवय झाली.

तिला सगळे चिमूटताई म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा ती अकरा वर्षांची होती, फ्रॉकच्या खिशात ढेकूळ घेऊन फिरायची. तिच्या वेण्या मीच घातल्या, तिच्या नखांतली माती मीच काढली. ती माती परत नखांत जायची. शेवटी मी हात टेकले, आणि तिला नोकरीही मातीतच लागली, माती तपासायच्या प्रयोगशाळेत.

शाळेत मी तिसरीपर्यंत गेले. तिसरी पास झाले की नापास ते कुणी सांगितलंच नाही, कारण मधेच घरी बसवलं. तेव्हा मातीबद्दल मी इथे जे लिहीन ते तिच्या तोंडून ऐकलेलं. बरोबर निघालं तर तिचं, चुकलं तर माझं.

प्रयोगशाळेत ती लागली झाडू मारायला. पहिल्याच महिन्यात तिने मोठ्या साहेबांना सांगितलं, "सात नंबरची पिशवी आणि नऊ नंबरची पिशवी एकाच खड्ड्यातल्या आहेत, तुमच्या माणसाने दुसरा खड्डा खणलाच नाही." माणसाला बोलावलं. त्याने आधी शपथ घेतली, मग डोकं खाजवलं, मग कबूल केलं की ऊन फार होतं. त्या दिवसापासून झाडू दुसऱ्याच्या हातात गेला आणि हिच्या हातात चाळणी आली. एकतीस वर्षं झाली त्याला.

तिचं काम ऐकायला सोपं. पिशवी आली की माती कागदावर पसरायची, उन्हात नाही, सावलीत. वाळली की लाकडी बडवण्याने ढेकळं फोडायची आणि चाळायची. मग ढीग करायचा आणि त्याचे चार चतकोर पाडायचे. समोरासमोरचे दोन फेकायचे, उरलेले दोन पुन्हा कालवायचे. परत ढीग, परत चार, परत दोन बाहेर. असं करत करत पोतंभर मातीची मूठभर होते, पण ती मूठ सगळ्या पोत्याची खरी गोष्ट सांगते. ही रीत तिच्या अंगात इतकी भिनली आहे की शेजारीण काही सांगायला आली तरी ती निम्मं टाकून देते. "वहिनी, चार वेळा चतकोर केलं," मला मागाहून म्हणते, "तेव्हा एवढंच उरलं की तिच्या सुनेला दाढदुखी आहे."

हात मात्र ती सगळ्यांचे तपासते. प्रयोगशाळेत कुणी मातीजवळ आलं की आधी ओरडते, "हात!" मग साहेब असो की शिपाई, तळवे पुढे करावे लागतात. अंगठी काढा, साबणाने धुवा, कोरडे करा. एकदा खुद्द मोठे साहेब तळहात पुढे करून छडी खाणाऱ्या पोरासारखे उभे होते म्हणे.

तिचं लग्नही मातीनेच ठरलं. तिथला एक कारकून हिच्यावर लट्टू झाला. एक दिवस कागदाच्या पुडीत माती घेऊन आला आणि म्हणाला, "मी घर बांधायला जागा बघितली आहे, तिथली ही. कशी वाटते?" हिने थेंबभर पाणी टाकलं, अंगठ्याने चोळलं. वाळू असली की ती करकरते. पोयटा पिठासारखा सरकतो, आणि चिकणमाती नको असलेल्या पाहुण्यासारखी चिकटून बसते. हिने चोळली, हुंगली आणि म्हणाली, "ही आपल्या फाटकाजवळच्या कुंडीतली आहे. कालच मी त्यात चहाचा चोथा टाकला." कारकून लाल झाला. म्हणाला, "जागा नाही माझ्याकडे. पण बोलायला काहीतरी निमित्त हवं होतं." हिने पुढच्या महिन्यात त्याच्याशी लग्न केलं. अजूनही तो घरात काही लपवायला जात नाही, उपयोगच नसतो.

आम्ही दोघी एकाच इमारतीत राहतो. ती तळमजल्यावर, मी तिच्या डोक्यावर. इमारतीच्या मागे बांधकामवाल्याने एक जागा उकिरड्यासारखी सोडून दिली होती. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, खिळे. गवतसुद्धा तिथे नाक मुरडायचं. आयुष्यभर दुसऱ्यांची माती चाळणाऱ्या या बाईने ठरवलं की ही आपली. नऊ वर्षं लागली. विटा वेचल्या, खिळे वेचले, पाला कुजवला, आमच्या सगळ्यांच्या घरातली भाजीची सालं गोळा केली. माझ्या दारात तर ती सालं मागायला अशी यायची जसं काही माझ्याकडे ठेवायला दिलेली तिची वस्तूच आहे.

दरवर्षी एकदा ती त्या मातीची बरणी भरायची. अर्धी माती, अर्धं पाणी, झाकण घट्ट, आणि खळखळ हलवायची. मग बरणी खिडकीत. मिनिटाभरात वाळू तळाला बसते. दुपारपर्यंत पोयटा तिच्यावर. चिकणमाती मात्र दोन दोन दिवस पाण्यात तरंगत विचार करते. पहिल्या वर्षी बरणीत नुसती वाळू आणि वर गढूळ पाणी. नवव्या वर्षी तिन्ही थर असे नीट की सुईने ओवून गळ्यात घालावेत, आणि वर काळा कुजका पाला तरंगतोय.

"वहिनी, माती म्हणजे निम्मी पोकळी असते," ती म्हणाली. "त्यात थोडी हवा, थोडं पाणी. पोकळी नसेल तर मुळं गुदमरतात."

"म्हणजे आपल्या सेक्रेटरींच्या डोक्यासारखी," मी म्हटलं.

"छे, तिथे ओलावा कुठे आहे?"

तर हे आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. माणूस वाईट नाही. पण त्यांना त्या मागच्या जागेत गाड्या दिसायच्या. आम्हाला टोमॅटो दिसायचे तिथे त्यांना गाड्यांच्या रांगा. त्यांनी पालिकेला पत्र लिहिलं, की ही बाग राडारोड्यावर उभी आहे, त्यात विष असणार, लेकरं तिथला पालक खातात. पालिकेने उत्तर पाठवलं, माती तपासा. प्रमाणाबाहेर काही सापडलं तर दोन हात खोल माती उचलून न्यायची आणि वर काँक्रीट.

"तपासा की!" चिमूटताई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "माझ्या मातीला कसली भीती?" आणि नमुने घ्यायला ती स्वतःच उभी राहिली. तिच्या मॅडमनी, म्हणजे प्रयोगशाळेच्या नव्या तरुण साहेबबाईंनी, परवानगी दिली. एकतीस वर्षांत हिची एक पिशवी चुकली नव्हती, परवानगी का नाही देणार?

पाच ठिकाणी खणायचं, आणि प्रत्येक ठिकाणाहून दोन पिशव्या: एक वरच्या वीतभर मातीची, एक हातभर खोलची. एकूण दहा. खणलं तिने. पण वाकून वाकून तिची कंबर धरली, म्हणून ढेकळं फोडायला मला हाक मारली.

"वहिनी, ये गं जरा खाली!"

मी गेले. प्लॅस्टिकच्या घमेल्यात ती माती टाकायची, मी हातांनी चुरायचे, ती पिशवीत भरून नंबर घालायची. छान ऊबदार सकाळ होती. मी गाणं म्हणत होते. इतक्या लाडाने मी कणीकही कधी मळली नसेल.

आठ दिवसांनी अहवाल आला. जस्त प्रमाणाबाहेर.

शिसं नाही, दुसरं काही नाही, फक्त जस्त. वरच्या मातीत जास्त, खालच्या मातीतही जास्त. सेक्रेटरींनी अहवाल जिन्याजवळच्या फळ्यावर लावला, चार कोपऱ्यांना चार टाचण्या मारून. शेजारी दुसरा कागद: शनिवारी सकाळी आठ वाजता ट्रक येईल, लेकरांना बागेपासून दूर ठेवावे.

त्या दिवशी होता बुधवार.

चिमूटताईने जेवण टाकलं. बागेत जाऊन वाफ्याच्या कडेला बसली आणि चिमटीत माती घेऊन नुसती बघत राहिली. मी जवळ गेले तर म्हणाली, "नऊ वर्षं हातात धरली आणि मला कळलं नाही? मग मला काय कळतं, वहिनी?" तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. ओशाळायची माझी सवय, तिची नव्हे.

मला काही सुचेना म्हणून मी भांडले. "रडत काय बसलीस? खोटं असेल ते. तू ना चतकोर कर त्या अहवालाचे, निम्मा टाकून दे!"

ती हसली नाही. पण गुरुवारी सकाळी सहा वाजता माझी बेल वाजली. दारात ती, केस विस्कटलेले, हातात अहवाल.

"वहिनी, माती अशी वागत नाही."

"कशी वागत नाही?"

ती आत आली, माझ्या पलंगावर फतकल मारून बसली. "हे बघ. मीठ असतं ना, ते उंडगं. पाण्याचं बोट धरलं की खाली निघालं. पण जस्त तसं नाही. ते चिकणमातीला आणि कुजक्या पाल्याला मिठी मारून बसतं. वरून पडलं तर वरच राहतं, हातभर खाली जायला त्याला जन्म लागेल. माती आंबट झाली तर मिठी सैल होते, पण माझी माती आंबट नाही. मग खालच्या पिशव्यांत एवढं जस्त गेलं कसं?"

"राडारोड्यातून आलं असेल, खालून."

"मग खाली जास्त, वर कमी असतं. इथे तसंही नाही." तिने कागद माझ्या नाकाशी आणला. "यांनी वरच्या पाच एका रांगेत लिहिल्या आहेत, खालच्या पाच दुसऱ्या रांगेत. म्हणून दिसत नाही. मी रात्री पिशव्यांच्या नंबराप्रमाणे लावल्या. एक नंबरच्या पिशवीत सगळ्यात जास्त. दोनमध्ये त्याहून कमी. तीनमध्ये त्याहून कमी. वर-खाली कशाचा काही संबंध नाही, नुसतं उतरत उतरत दहापर्यंत. दहाव्यात जेमतेम नेहमीएवढं." ती माझ्याकडे टक लावून बघायला लागली. "हे जास्तीचं जस्त मातीतलं नव्हतं, वहिनी. काहीतरी पुसलं जात होतं."

"काय पुसलं जात होतं?"

"हात!" ती ओरडली.

मी घाबरून तळवे पुढे केले. बांगड्या तर मी कधीच काढून ठेवल्या होत्या, बोटात अंगठी नाही. तिने माझे हात उलटे-सुलटे करून पाहिले, हुंगले सुद्धा.

"त्या सकाळी उठल्यापासून काय काय केलंस ते सांग. एक गोष्ट गाळू नकोस."

"उठले. तोंड धुतलं. चहा ठेवला. चहा उतू गेला."

"पुढे."

"नात उठली." माझी नऊ महिन्यांची नात, सून कामावर गेली की माझ्याकडेच असते. "तिचं ओलं बदललं. तिला पुरळ आलंय, ढुंगण लालेलाल, म्हणून मलम लावलं. मग तिला झोपवलं. मग तू हाक मारलीस."

"हात धुतलेस?"

आता मी खरं ते लिहिते. मलम पांढरं, दाट, चिकट, पाण्याला दाद न देणारं. मी हात फडक्याला पुसले होते, वरवर. आणि मनात म्हटलं होतं, मातीतच तर हात घालायचे आहेत, आधी धुवायचे कशाला? जगात कोणी माती चिवडायला आधी हात धुतो का? मातीतून आल्यावर धुवायचे असतात! मला एवढं शहाणपण पुरेसं वाटलं.

"मलम आण," ती म्हणाली.

मी आणलं. डब्बीवरची अक्षरं मुंगीएवढी, मला ती मुंग्याच वाटतात. तिने चष्मा लावला, वाचलं, परत वाचलं. मग डब्बी छातीशी धरली आणि पलंगावर आडवी झाली. मला वाटलं चक्कर आली. पण तिचे खांदे हलत होते. हसत होती! अशी हसली, अशी हसली की खालून तिचा नवरा चप्पल न घालता पळत वर आला.

"जस्त!" ती म्हणत होती. "जस्ताचं मलम! अहो, वहिनीने माझ्या बागेला पुरळावरचं औषध लावलं!"

मी चिडले. मग मीही हसले. मग नात उठली आणि आम्हाला बघून तीही खिदळायला लागली, जिच्यामुळे हे सगळं झालं तीच.

हसून झाल्यावर चिमूटताई डोळे पुसत म्हणाली, "चूक माझी गं. एकतीस वर्षं जो येईल त्याचे हात बघितले. तुझेच नाही बघितले. म्हटलं, वहिनीचे काय हात बघायचे."

मी उठून चहा ठेवला.

पण हसण्याने ट्रक थांबत नाही. प्रयोगशाळेत मॅडम म्हणाल्या, "ताई, मी नमुने पुन्हा घेईन, आजच घेईन, आणि शनिवारच्या आत पालिकेला कळवायचा प्रयत्न करीन. पण नियम आहे. आधीच्या नमुन्यात काय चुकलं आणि कुणाकडून, ते लेखी हवं. चूक ज्याची त्याच्या हाताने, सहीसकट. आणि त्याची प्रत तुमच्या इमारतीला द्यावी लागेल."

माझ्या हाताने! मी शेवटचं लिहिलं ते किराण्याची यादी. दुपारभर जीभ बाहेर काढून मी तो कागद लिहिला. चिमूटताई शेजारी बसून सांगायला लागली, "बालकाच्या त्वचेवरील उपचारार्थ..." मी म्हटलं, "गप्प बस. चूक माझी आहे, माझ्या भाषेत होईल." आणि लिहिलं:

"मी हिची वहिनी. नातीच्या ढुंगणाला लावायचं मलम माझ्या हाताला होतं. हात न धुता मी दहा पिशव्यांची ढेकळं फोडली. माती चांगली आहे. माझे हात वाईट होते. आता धुतले आहेत."

मॅडमनी वाचलं आणि तोंड फिरवून बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं.

त्याच संध्याकाळी मॅडम हातमोजे घालून बागेत आल्या. चिमूटताईला त्यांनी वाफ्यापासून दहा पावलं लांब उभं केलं, मला तर जिन्यावरच. पाच ठिकाणं, दहा पिशव्या. शेवटी म्हणाल्या, "तुलनेला एक नमुना बागेबाहेरचा लागतो." आणि सेक्रेटरी जिथे आपली जुनी गाडी उभी करतात त्या मोकळ्या जागेत कुदळ मारली.

एकच घाव घातला आणि थांबल्या. वास माझ्यापर्यंत जिन्यावर आला. काळं, जळकं, गाडीच्या पोटातलं तेल. वर्षानुवर्षं थेंब थेंब गळून माती डांबरासारखी झालेली.

सेक्रेटरी गॅलरीत होते. ते आत गेले.

शनिवार उजाडला. आठच्या आधीच ट्रक आला, मागे माती उपसायचं यंत्र. मॅडमचा निरोप नव्हता. सगळी इमारत खाली जमली. चिमूटताई वाफ्याच्या कडेला उभी, हातात रिकामी बरणी. "निदान एक बरणी भरून ठेवते," मला म्हणाली. मला हे सहन होईना. म्हणून मी ट्रकवाल्याला चहा दिला. मग बिस्किटं दिली. मग नातीला त्याच्या मांडीवर दिलं. बाळ मांडीवर असताना ट्रक चालवता येत नाही, एवढं मला तिसरीतही कळत होतं.

"आजी, मला उशीर होतोय," तो म्हणाला.

"होऊ दे बाबा, तिला तू आवडलास."

साडेआठला सेक्रेटरी हातात दोन कागद घेऊन आले. पालिकेकडून त्यांच्याच नावाने आले होते, म्हणून त्यांनाच वाचावे लागले, सगळ्यांसमोर, मोठ्याने. पहिला माझा. त्यांनी घसा साफ केला. "मी हिची वहिनी. नातीच्या..." थांबले. चष्मा पुसला. "नातीच्या..."

"वाचा की हो," तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "लिहिलंय ते वाचा!"

"...ढुंगणाला," सेक्रेटरी म्हणाले, आणि पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. ट्रकवाला इतका हसला की नात त्याच्या मांडीवर उड्या मारायला लागली.

दुसरा कागद छोटा होता. दहाही पिशव्यांत जस्त नेहमीइतकंच. बागेतली माती निर्दोष. हात लावायचं कारण नाही.

चिमूटताईने बरणी खाली ठेवली. वाकली, चिमूटभर माती उचलली आणि चोळत राहिली. बराच वेळ. मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं नाही, नातीला घ्यायला गेले.

कागदावर आणखी एक ओळ होती, ती सेक्रेटरींनी फार हळू वाचली. तुलनेचा नमुना: तेल प्रमाणाबाहेर.

"मग तिथली उचलू का?" ट्रकवाला उत्साहाने म्हणाला. रिकामं जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. सेक्रेटरींचा चेहरा असा झाला की मला त्यांनाही चहा द्यावासा वाटला.

"कुणी काही उचलायचं नाही," चिमूटताई म्हणाली. "मातीला दुसरीकडे नेऊन टाकलं की ती बरी होते का? तेल खाणारे जीव मातीतच असतात, डोळ्यांना दिसत नाहीत एवढंच. त्यांना हवा पाहिजे, ओल पाहिजे, कुजका पाला पाहिजे. पाला मी देईन. गाडी तिथून हलवा, आणि दर आठवड्याला माती खालीवर करायची. वर्षभर."

"कोण करणार?" सेक्रेटरींनी विचारलं.

सगळे त्यांच्याकडेच बघत होते.

या गोष्टीला सात महिने झाले. दर रविवारी सकाळी सेक्रेटरी पँट दुमडून माती खालीवर करतात. सुरुवातीला तोंड कडू असायचं, आता गुणगुणतात. झालं की चिमूटभर माती तळहातावर घेऊन चिमूटताईच्या दाराशी येतात, परीक्षेला आलेल्या पोरासारखे.

"बघा हो चिमूटताई. आता तरी?"

ती चोळते, हुंगते. "वास कमी झालाय. पण अजून आहे. फिरवा."

परवा मात्र त्यांच्या तळहातावर मातीबरोबर एक गांडूळ निघालं, करंगळीएवढं. आपणहून आलेलं. सेक्रेटरी ते आम्हाला असं दाखवत होते जसं काही त्यांना नातू झाला आहे. चिमूटताई पुढे झाली, मीही कौतुकाने बोट पुढे केलं.

"हात!" ती माझ्यावर ओरडली.

मी गपचूप मोरीत गेले आणि साबण घेतला.